वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं : ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षाच का?

दहावीची परीक्षा आणि भरतीच्या जाहिराती जवळ आल्या की या पानाच्या टपालात अलंकारांचेच प्रश्न जास्त निघतात. या वेळी तर वसमतपासून औशापर्यंत सगळ्यांनी एकाच विषयावर लिहिलंय, म्हणून अख्खं पान अलंकारांनाच दिलंय. अंबाजोगाई तालुक्यात मी मराठी शिकवलं, त्यामुळं उदाहरणं आपल्या रानातली आणि ओसरीवरची घेतलीत. ती पाठ करू नका, तशीच स्वतःची तयार करा.

प्रश्न : बाई, उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांत माझा नेहमी घोळ होतो. शिकवणीत सांगितलं होतं की ‘सारखा, सम, प्रमाणे’ दिसलं की उपमा, ‘जणू, वाटे, गमे, भासे’ दिसलं की उत्प्रेक्षा, आणि काहीच दिसलं नाही की रूपक. मी तसंच लिहिलं, तरी सराव परीक्षेत दोन उत्तरं चुकली. असं का?
(दहावीतली विद्यार्थिनी, वसमत)

उत्तर : तुझा अभ्यास कमी पडलेला नाही गं. तुला दिलेली युक्तीच अर्धी आहे. ‘पोरगं सकाळपासून सारखं रडतंय’ या वाक्यात ‘सारखं’ आहे, पण उपमा कुठं आहे? ‘सांजच्याला पाऊस येईल असं वाटतं’ यात ‘वाटतं’ आहे, उत्प्रेक्षा मुळीच नाही. आधी दोन वस्तू सापडल्या पाहिजेत. जिच्याबद्दल बोलायचंय ती उपमेय, जिच्याशी तिला जोडायचंय ती उपमान. दोघींत सारखा असलेला गुण म्हणजे साधारण धर्म, आणि ‘सारखा, जसा, प्रमाणे, सम’ हे साधर्म्यवाचक शब्द. या चारांतलं तू फक्त शेवटचं शोधत होतीस, आणि नेमकं तेच बऱ्याचदा गाळलेलं असतं.

दोन वस्तू सापडल्या की एवढंच विचारायचं : बोलणाऱ्यानं त्यांना एकमेकींच्या किती जवळ आणलंय?

दिवाळीच्या आगंमागं आपल्याकडं कापूस फुटतो. वेचणी व्हायच्या आधी, उजाडताना बांधावर उभं राहिलं की सगळं रान पांढरं दिसतं. ‘कापूस’ हे उपमेय धर आणि ‘चांदणं’ हे उपमान.

‘फुटलेला कापूस चांदण्यासारखा पांढराशुभ्र दिसतो.’ ही उपमा. चारही अंगं इथं हजर आहेत, मोजून बघ. बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे की कापूस वेगळा, चांदणं वेगळं. पांढरेपणापुरतेच दोघं जवळ आलेत. ‘फुटलेला कापूस म्हणजे जणू रानात उतरलेलं चांदणंच’ असं म्हटलं की तो एक पाऊल पुढं गेला. खरं काय ते त्याला माहीत आहे, तरी घडीभर त्यानं कापसाला चांदणं मानलंय. ही मानण्याची क्रिया म्हणजे उत्प्रेक्षा. ‘बायांनी कापसाचं चांदणं ओटीत भरलं.’ इथं मानणंही संपलं. कापूस आणि चांदणं एकच झालं, दोघांत भिंत उरली नाही, म्हणून हे रूपक.

अजून पुढं जाता येतं. ‘हा कापूस नव्हे, हे तर रानात सांडलेलं चांदणं’ म्हणताना बोलणारा कापसाला चक्क नाकारतो, ती अपन्हुती. ‘कापूस म्हणावा की चांदणं?’ असा मनाचा निर्णयच होत नसेल तर ससंदेह. ‘चांदणं पडलंय असं समजून चकोर कापसात उतरला’ हा भ्रान्तिमान, कारण चकोर खरंच फसला. ‘चांदणं पहाटेला विझतं, आमचा कापूस भर दुपारीही उजळतो’ म्हटलं की उपमेय उपमानाच्या वर चढलं, तो व्यतिरेक. आणि ‘या कापसासारखा कापूस हाच’ म्हणताना तुलनेला दुसरी वस्तूच मिळत नाही, तो अनन्वय. रान तेच, कापूस तोच, फक्त दोघांमधलं अंतर बदलत गेलं.

आता तुझ्या चुकलेल्या उत्तरांचं. तुझ्या पत्रात ती वाक्यं नाहीत, पण अशा चुका कुठं होतात ते मी वर्गात पाहिलंय. हे वाक्य बघ : ‘गोदामाई पैठणच्या घाटाच्या पायऱ्या चढून आली, नाथांच्या पायाला लागायची घाई झाली असावी.’ यात ना जणू, ना गमे, ना भासे. तरी ही अस्सल उत्प्रेक्षा आहे. पूर आला म्हणून पाणी चढलं हे बोलणाऱ्याला कळतं, पण त्यानं पाण्याच्या चढण्याला स्वतःच्या मनातलं कारण दिलं. ‘असावी’ या साध्या क्रियापदात ती सगळी कल्पना आहे. युक्तीवर विसंबून बसलेली मुलं इथं हमखास ‘चेतनगुणोक्ती’ लिहितात. नदीला माणसासारखं वागवलंय, हे त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. पण वाक्याचा जोर त्या मानलेल्या कारणावर आहे, म्हणून उत्प्रेक्षा हे उत्तर जास्त बरोबर.

प्रश्न : मी तलाठी भरतीची तयारी करतोय. एका पुस्तकात अलंकार पंधरा, दुसऱ्यात तीस. नेमके किती आहेत? आणि दृष्टान्त व अर्थान्तरन्यास यांतला फरक कोणी नीट सांगत नाही.
(स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : आकड्याच्या मागं लागू नका. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार 4 च आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या पंडितांनी बारीक बारीक फरक वेगळे काढत नेले आणि सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदात ही संख्या शंभराच्या वर गेली. तुमच्या परीक्षेपुरते शालेय व्याकरणातले अलंकार नीट समजले तरी भागतं.

दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास हा प्रश्न मात्र फार चांगला आहे. ‘दाखला दिला की दृष्टान्त, सिद्धान्त सांगितला की अर्थान्तरन्यास’ एवढंच मार्गदर्शकांत छापलेलं असतं. वाक्य समोर आलं की त्याचा उपयोग होत नाही. मी मुलांना वेगळी कसोटी द्यायची : एक विधान दुसऱ्याच्या पोटात मावतं का ते बघा.

‘आम्ही बोअर सातशे फूट नेली, धुरळाच निघाला; बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याला दोनशे फुटांवर पाणी लागलं. नशिबापुढं कोणाचं काय चालतं?’ बोअरची हकिगत ही ‘नशिबापुढं चालत नाही’ या मोठ्या विधानाचाच एक नमुना आहे. ती त्याच्या पोटात मावते. एक विशेष, दुसरं सामान्य, आणि एकानं दुसऱ्याला आधार दिलाय. हा अर्थान्तरन्यास. क्रम उलटा केला, आधी नशीब आणि मग बोअर सांगितली, तरी उत्तर तेच.

‘टीका थोरांच्याच वाट्याला येते, लगडलेल्या आंब्यालाच दगड बसतात.’ आता सांगा, आंबा हा थोर माणसांचा नमुना आहे का? नाही. झाड ते झाड, माणूस तो माणूस. दोन्ही विधानं शेजारी शेजारी उभी आहेत, एकाचं प्रतिबिंब दुसऱ्यात पडतंय, पण कोणी कोणाच्या पोटात नाही. हा दृष्टान्त. यातच ‘जसे... तसे’ घातलं की ते उपमेकडं झुकतं. दृष्टान्तात ते जोडून देणारे शब्द नसतात, जुळणी वाचणाऱ्यानं करायची असते.

प्रश्न : माझी आई शाळेत गेली नव्हती. एकादशीला ती जनाबाईचा अभंग म्हणायची : ‘धरिला पंढरीचा चोर । गळां बांधोनियां दोर ॥ हृदय बंदिखाना केला । आंत विठ्ठल कोंडिला ॥’ आता मी म्हणते. नातू विचारतो, यात अलंकार कोणता? त्याच्या वहीतलं ‘सम, जणू’ यात काहीच नाही. मला सांगता आलं नाही.
(एक आजी, गंगाखेड)

उत्तर : ताई, जनाबाईंच्याच गावाहून हा प्रश्न आला, याचा मला फार आनंद झाला. नातवाला सांगा, हे रूपक आहे, आणि साधं नाही, सांगरूपक आहे. म्हणजे एका वस्तूला दुसरी म्हणून थांबलेलं नाही, तर तिची सगळी अंगंही एकेक करून जुळवलीत.

त्याला शेजारी बसवून ओळीन् ओळ सांगा. विठ्ठल हा चोर. चोर म्हटला की तो धरावा लागतो, म्हणून ‘धरिला’. धरला की बांधावा लागतो, म्हणून ‘दोर’. बांधला की ठेवायचा कुठं, तर बंदिखाना पाहिजे. तो बाहेर कुठं नाही, जनाबाईंचं हृदय हाच बंदिखाना. मग ‘कोंडिला’. पुढं तर पायांत बेडीही पडते. एकदा चोर म्हटल्यावर एकाही क्रियापदानं चुकूनसुद्धा देव म्हणून वागवलेलं नाही. ओवाळिला नाही, पूजिला नाही. धरिला, बांधिला, कोंडिला. सांगरूपकाची सगळी ताकद या शिस्तीत असते. मधेच एखादं भक्तीचं क्रियापद आलं असतं तर बंदिखान्याची भिंत तिथंच ढासळली असती.

आणि अजून एक बघा. देवाला ‘चोर’ म्हणणं वरून निंदा दिसते, आतून ती जिव्हाळ्याची कमाल आहे. वरवर निंदा आणि आत स्तुती असेल तर त्याला व्याजस्तुती म्हणतात, तिची छटा इथं आहे. ज्यानं सगळ्यांना सोडवायचं त्यालाच कोंडलंय, यात विरोधाभासही डोकावतो. आणि कोंडणारी कोण, तर स्वतःला नामयाची दासी म्हणवणारी. तुमच्या आईंना यातलं एकही नाव माहीत नसेल, पण अभंगातला अधिकार त्यांना कळत होता, म्हणून तर त्यांनी तो जपून तुमच्यापर्यंत आणला.

नातवाला याच जातीचं दुसरं उदाहरण हवं असेल तर नाथांचं विंचवाचं भारूड ऐकवा. तिथं काम-क्रोध हा विंचू आहे. चावणं, घाम फुटणं, उतारा, सगळं विंचवाच्याच हिशोबानं चालतं.

तुम्ही स्वतः दिवसभर अलंकारात बोलता हेही त्याच्या लक्षात आणून द्या. ‘इतकं ऊन की दगडावर भाकर भाजावी’ ही अतिशयोक्ती. एकीला बोलून दुसरीला लागेल असं बोलायची रीत म्हणजे अन्योक्ती, आणि तिचं वर्णन आपल्या बायांनी पंडितांपेक्षा नेमकं केलंय : लेकी बोले सुने लागे.

प्रश्न : मी कविता लिहितो. एका संपादकांनी ‘अलंकारांचा बोजा झालाय’ म्हणून कविता परत केली. ‘दुःखाच्या सागरात बुडालेल्या बापाच्या काळजाचं आभाळ फाटलं’ अशी तिची सुरुवात आहे. अलंकार नकोत तर मग काय राहतं?
(शेतकरी कवी, पैठण तालुका)

उत्तर : तुमची कविता मी पूर्ण वाचली. पहिल्या ओळीत सागर आणि आभाळ दोन्ही आलेत. बाप बुडतोय म्हणून मी खाली बघायला लागते, तर लगेच आभाळ फाटतं म्हणून वर बघायचं. दोन रूपकांनी एकमेकांचा जीव घेतला आणि बाप दिसायचा राहून गेला. पण तुमच्या नवव्या ओळीपाशी मी थांबले : ‘मृग सरला, तिफण अजून सपरातच.’ पेरायची तिफण अजून छपराखालीच उभी आहे, एवढंच यात सांगितलंय, एकही अलंकार नाही. तरी पाऊस नाही, किंवा बियाण्याला पैसा नाही, किंवा बैलच विकले गेलेत, हे सगळं मनात येतं आणि आत कालवतं. ‘दुःख’ हा शब्दही तुम्हाला लागला नाही.

याला ध्वनी म्हणतात. शब्दाला तीन शक्ती असतात. सरळ अर्थ सांगते ती अभिधा. सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा त्याला लागून असलेला दुसरा अर्थ घ्यायला लावते ती लक्षणा. ‘अख्खं गाव टँकरवर जगतंय’ म्हटलं की टाकीवर चढून बसलेली माणसं कोणाला दिसत नाहीत. आणि सरळ अर्थ पूर्ण जुळत असूनही त्याच्या मागून वेगळाच अर्थ ऐकू येतो, ती व्यंजना. तुमची तिफणीची ओळ व्यंजनेची आहे.

तुम्ही पैठणचे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे तुमचं पैठण. हाल सातवाहन राजाच्या नावानं ओळखली जाणारी गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे, सातशे छोट्या छोट्या गाथांची. शेत, विहिरी, वाटसरू, सासुरवाशिणी, सगळा गावगाडा तिच्यात आहे. त्यातल्या एका गाथेत एक बाई एका धार्मिक माणसाला म्हणते : ‘बुवा, आता निर्धास्त फिरा. ते कुत्रं आज मेलं. गोदेकाठच्या झाडीत राहणाऱ्या त्या माजलेल्या सिंहानं मारलं त्याला.’

एवढंच. आता बघा त्या बाईनं काय केलं. गोदेकाठची ती झाडी तिची आणि तिच्या सख्याची भेटायची जागा. हा सज्जन माणूस फुलं तोडायला रोज तिथं येतो आणि त्यांची अडचण होते. तो कुत्र्याला भितो, हे तिला ठाऊक आहे. कुत्र्याला भिणाऱ्या माणसाला ‘कुत्रं गेलं, सिंह आलाय, आता खुशाल फिरा’ असं सांगितलं तर तो पुन्हा त्या बाजूला पाऊल टाकेल का? तोंडानं ‘फिरा’ म्हटलं, ऐकणाऱ्याला ‘फिरकू नका’ असं ऐकू गेलं. अर्थ सरळ उलटा झाला, आणि तिच्यावर कोणी ठपका ठेवू शकत नाही, कारण ती काळजीचंच बोलली.

नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं ध्वन्यालोक लिहिला, तेव्हा ध्वनी समजवायला त्यानं ही गाथा घेतली. दोनेक शतकांनी काश्मीरच्याच मम्मटानं काव्यप्रकाशात तीच घेतली. महिमभट्ट या पंडिताला ध्वनी हा प्रकारच मान्य नव्हता, हे सगळं अनुमानानंच कळतं असं त्याचं म्हणणं. पण वाद घालायला त्यालाही याच बाईकडं यावं लागलं. आपल्या गोदाकाठच्या एका बाईचं बोलणं काश्मीरच्या पंडितांनी शतकानुशतकं उलगडून पाहिलं, हे पैठणच्या प्रत्येक कवीला माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा अलंकार टाकून द्या असं मी म्हणत नाही. पहिल्या आठ ओळी काढा आणि कविता तिफणीपासून सुरू करा. पुढं जिथं बाप दुःखी असल्याचं तुम्ही सांगितलंय, तिथं तो काय करतोय ते लिहा. बियाण्याच्या दुकानावरून जाताना त्याची मान कुठं असते? कासऱ्याला गाठ मारताना हात कसा चालतो? हे तुम्ही पाहिलंय, संपादकांनी पाहिलेलं नाही. मग एखादी उपमा आपसूक आली तर येऊ द्या.

प्रश्न : यमक आणि श्लेष दोन्हींत शब्दाचे दोन अर्थ असतात ना? मग फरक कसा ओळखायचा? आणि अनुप्रास कधी म्हणायचा?
(डी.एड.ची विद्यार्थिनी, जालना)

उत्तर : यमकात ठरावीक जागी तीच अक्षरं पुन्हा येतात, आणि दुसऱ्यांदा येताना वेगळा अर्थ घेऊन येतात. श्लेषात शब्द एकदाच येतो आणि दोन्ही अर्थ तोच देतो. कुस्ती हरून आलेल्या गावाविषयी कोणी म्हणालं, ‘औंदा ना आडात, ना गड्यात पाणी,’ तर तो श्लेष. पाणी एकदाच आलंय. आडाशी ते प्यायचं आणि गड्याशी ते धमक. श्लेष तपासायला शब्द बदलून पाहावा. ‘पाणी’ काढून ‘जल’ घातलं की ‘गड्यात जल’ म्हणजे काहीच नाही, गंमत मेली. शब्द बदलल्यावर जो मरतो तो शब्दालंकार. कापसाच्या जागी ‘कपाशी’ आणि चांदण्याच्या जागी ‘चंद्रप्रकाश’ घातला तरी उपमा जिवंत राहते, म्हणून ती अर्थालंकार.

अनुप्रासाबद्दलही तुम्ही विचारलंय. त्यात अक्षराची आवृत्ती कानाला गोड लागली पाहिजे, एवढंच. ओळीत चार ‘क’ आले म्हणून अनुप्रास होत नाही.

प्रश्न : एकाच ओळीत दोन अलंकार दिसले तर परीक्षेत कोणता लिहायचा? आमच्या वर्गात यावरून वाद झाला.
(शिक्षक, औसा)

उत्तर : सर, शास्त्रानं याचाही विचार केलाय. दोन अलंकार तीळ-तांदळासारखे मिसळलेले असतील, म्हणजे एकत्र असूनही वेगळे निवडता येत असतील, तर ती संसृष्टी. दूध-पाण्यासारखे एकजीव झाले असतील तर संकर. ‘काळ्या काळजाची काळी आई कूस उघडून बसली’ या ओळीत ‘क’चा अनुप्रास कानाला कळतो आणि जमिनीला आईच म्हटलेलं मनाला कळतं. दोन्ही वेगळे काढता येतात, ही संसृष्टी. जनाबाईंच्या ‘चोर’ या शब्दातलं रूपक आणि व्याजस्तुती वेगळी करू गेलं तर दोन्ही तुटतात. तो संकर.

मुलांनी परीक्षेत काय लिहावं? एकेक अलंकार मनातल्या मनात काढून ओळ पुन्हा वाचावी. जो काढल्यावर अर्थच कोसळतो, तो मुख्य, तो लिहावा. वरच्या ओळीत अनुप्रास मोडून ‘कृष्णवर्णी जमीन-माउली उदर उघडून बसली’ केलं तर ओळ अवघडली, पण म्हणणं टिकलं. आई काढली तर कूस उघडणार कोण? म्हणून तिथं मुख्य रूपक. प्रश्नातच ‘शब्दालंकार ओळखा’ असं असेल तर अर्थातच अनुप्रास. आणि एखाद्या मुलानं दुसरा अलंकार लिहून त्याचं कारण नीट दिलं असेल, तर सर, त्याला गुण द्या.